मनुष्य, वरचा जबडा

कवळीची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. स्टाफरूममध्ये सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, निवृत्तीच्या समारंभात तर माइकवरून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. पण जिथं ती खरी सांगायला हवी होती, तिथं मी दरवेळी वळसा घातला. "कवळी कोणाची होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही," असं म्हणून मी गोष्ट संपवायचो. लोक पोट धरून हसायचे. ते वाक्य खोटं होतं. कवळी कोणाची, हे मला ती हातात आली त्याच क्षणी कळलं होतं. आता माझ्याच तोंडात कवळी आहे, रात्री ती पेल्यात घालून ठेवतो आणि सकाळी तिचं तोंड बघूनच उठतो. तेव्हा एकदा नीट सांगून टाकतो.

हट्ट्याकडच्या एका मोठ्या गावात मी विज्ञानाचा मास्तर होतो. आज तो भाग हिंगोली जिल्ह्यात मोडतो, तेव्हा परभणी जिल्हा होता. वय पंचविशीच्या आत, नोकरी नवी, लग्न व्हायचं होतं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि शिवारात हाडांना तोटा नव्हता. एक दिवस ओढ्याच्या काठाला बैलाची कवटी दिसली. मी ती उचलून वर्गात नेली आणि पोरांना विचारलं, "याचे वरचे पुढचे दात कुठं गेले?"

सगळा वर्ग माझ्याकडं कीव आल्यासारखा बघू लागला. शेवटी एकजण उठला. "सर, बैलाला वर दात राहतच न्हाईत की."

"मग गवत कसं तोडतो?"

"जिभेनं वढून घेतो, सर."

हे मलाही ठाऊक होतं. मी सेनगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बाजारात बैलाच्या तोंडात हात घालून 'आदत हाय, दोनदाती हाय, जुळला' असं सांगणारी माणसं बघत मोठा झालो. दुधाचे दात असले तर आदत, पुढची पहिली जोडी पडून पक्की आली की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळला. बैलाचं वय त्याच्या खालच्या ओठात लिहिलेलं असतं. पण पोरांना जे ठाऊक होतं त्याचं कारण ठाऊक नव्हतं. ते सांगताना मलाच इतकी मजा आली, की मला दातांचं वेडच लागलं.

मग मी कवट्या गोळा करू लागलो. शेळीची खाटकाकडून आणली, कुत्र्याची माळावरून, डुकराची गावाबाहेरून. घोड्याची एका टांगेवाल्यानं स्वतः आणून दिली. "लई गुणाचं जनावर होतं मास्तर, नीट ठेवा," असं म्हणाला. कवट्या धुण्याच्या सोड्यात उकळाव्या लागत. माझी घरमालकीण मावशी नाकाला पदर लावून दारात उभी राहायची.

"मास्तर, काय शिजवून राहिले?"

"कुत्रं, मावशी."

"अरे देवा! म्हणून म्हणते, लग्न करा. घरात बायको न्हाई म्हणून माणूस असलं करतं."

शाळेच्या मागच्या खोलीत एका फळीवर मी रांग मांडली. कुत्र्याचे सुळे, आणि त्यामागच्या कात्रीसारख्या एकमेकींवरून घसरणाऱ्या दाढा. कुत्रा चघळत नाही, कातरून गिळतो. गाईची दाढ म्हणजे जात्याची टाकी मारलेली पाळी. तिचा जबडा आडवा फिरतो. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा. माणसानं तिथंच लगाम अडकवला. डुकराच्या दाढा बघितल्या की पोरं स्वतःच्या गालाला हात लावायची, इतक्या त्या आपल्यासारख्या. सापाचे दात मागं वळलेले, घास आत जातो, बाहेर येत नाही. कोंबडीची चोच ठेवली आणि शेजारी तिच्या पोटातले खडे. तिच्या दाढा म्हणजे तेच.

सगळ्यांत गर्दी व्हायची उंदरापाशी. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतात. समोरची बाजू कडक, मागची मऊ. म्हणून कुरतडताना पाठ झिजते आणि पुढची धार पटाशीसारखी राहते. कुरतडलं नाही तर दात वाढून तोंडच बंद व्हायचं. हे सांगितलं तेव्हा आठवीतली एक मुलगी उठली. आमच्याकडं दुधाचा दात पडला, की तो उंदराच्या बिळात टाकून 'माझा दात घे, तुझा दात दे' म्हणायची रीत आहे.

"सर, मग आमी उंदराला मागतो ते बराबर हाय की! ज्याचा वाढून राहिला त्यालाच मागायचं. बैलाला मागून काय उपयोग?"

एवढं शहाणं वाक्य मी त्या वर्षात दुसरं ऐकलं नाही.

रांगेत एकच जागा मोकळी होती. माणूस. मसणवट्यात जायची माझी हिंमत नव्हती आणि तशी परवानगी मुख्याध्यापकांनी दिली नसती. जानेवारीत तालुक्याला विज्ञान प्रदर्शन होतं. माणसाशिवाय ही रांग म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होतो.

आता मराठीच्या गुरुजींविषयी सांगायला हवं. ते माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायचे. त्यांच्यासारखं मराठी त्या पंचक्रोशीत कोणी बोलत नव्हतं. घरी, वस्तीत ते 'न्हाई' आणि 'काहून' बोलायचे. पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल पडलं की त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी व्हायची. त थ द ध शिकवताना ते जीभ दाताला कुठं लागते ते दाखवायचे आणि सगळा वर्ग त्यांच्यामागं 'त, थ, द, ध' करायचा. "दंत्य वर्ण! दात आहेत म्हणून भाषा आहे," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. माझ्या फळ्यावरचं शुद्धलेखनही ते जाता जाता तपासायचे. त्यांच्या खिशात कायम लाल पेन्सिल असायची.

त्या दिवाळीच्या सुट्टीत ते नांदेडला जाऊन आले आणि त्यांचे वरचे दात एकदम सरळ झाले. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण तेव्हा मी माणसांच्या डोळ्यांत बघतच नव्हतो. समोरचा जेवायला लागला की तो शेळीसारखा आडवा चावतो की कुत्र्यासारखा उभा, हेच बघायचो. गुरुजी भाकरी पुढच्या दातांनी तोडायचे ते सोडून दूध-आमटीत कुस्करून खाऊ लागले होते. मी ओळखलं, आणि बोललो नाही. तेवढं शहाणपण होतं.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवलं, की सव्वीस जानेवारीचं भाषण गुरुजींनी करायचं. आजवर ते गावातला एखादा बडा माणूस नाहीतर स्वतः मुख्याध्यापक करायचे. गावात कुजबूज झाली. हॉटेलात एकजण माझ्यासमोरच म्हणाला, "म्हंजे आता ते शिकवणार आपल्याला कसं बोलायचं ते?" दुसरा म्हणाला, "बोलू द्या की. कुठं अडखळला तर तेवढीच मजा." गुरुजींच्या कानावर हे गेलं असणारच. शाळा सुटल्यावर ते रिकाम्या वर्गात भाषणाची तालीम करायचे. मी मागच्या खोलीत हाडं घासत ऐकायचो. त्यांचा एकेक त आणि एकेक द वेगळा उचलून घेता आला असता.

आणि जानेवारीच्या मध्यावर त्यांचा आवाज बंद झाला. गळ्याला मफलर, तोंडावर त्याचं टोक. वर्गात मुलांकडूनच धडे वाचून घेऊ लागले. "घसा," असं गळ्याकडं बोट दाखवून सांगायचे. सकाळी ओढ्याच्या पाण्यात वाकून ते काहीतरी शोधताना लोकांना दिसले.

"गुरुजी, काय हुडकून राहिले?"

"किल्ली," ते म्हणाले.

दोन दिवसांनी ती उंदीरवाली मुलगी पळत माझ्याकडं आली. हातात पळसाच्या पानाची पुडी. "सर, माणूस सापडला! वाळूत होता."

पुडीत वरच्या दातांची अख्खी कवळी होती. गुलाबी हिरडी, आणि तेच सरळ, एकसारखे दात. मला ओळखायला घासभर वेळही लागला नाही. ओढ्यावर तोंड धुताना ती त्यांच्या हातून निसटली असणार.

"कोणाची असंल सर?"

"कोणाची का असेना," मी म्हणालो. "आपली रांग पूर्ण झाली."

इथंच मी आजवर वळसा घेत आलो. त्या संध्याकाळी कवळी खिशात घालून मी ओढ्यापर्यंत गेलो, हे खरं आहे. पलीकडं त्यांच्या घरी कंदील लागलेला दिसत होता. काय म्हणून द्यायची? दिली की त्यांना कळणार, की याला माहीत आहे. त्यांची लाज राखायची तर न देणंच बरं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि परत फिरलो. खरं कारण एवढंच, की मला तालुक्याला पहिला नंबर हवा होता. दुसऱ्या दिवशी मी जाड कागदाची पट्टी कापली, त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं: 'मनूष्य, वरचा जबडा. सर्वभक्षी.' आणि कवळी डुकराच्या शेजारी मांडली.

तालुक्याला जाण्याआधी सगळी शाळा रांग बघायला आली. गुरुजीही आपला वर्ग घेऊन आले. बैल, शेळी, घोडा, कुत्रा, डुक्कर करत ते शेवटच्या पट्टीपाशी थांबले. मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. बाहेर काही नव्हतं. वळून बघितलं तेव्हा ते कवळीकडं बघत उभे होते, मफलरचं टोक तोंडावर धरून. हात लांब केला असता तर दात त्यांच्या हातात होते. पण भोवती चाळीस पोरं होती. त्यांनी हळूच खिशातून लाल पेन्सिल काढली, 'मनूष्य' मधला दीर्घ ऊकार खोडून ऱ्हस्व केला, पेन्सिल खिशात ठेवली आणि वर्ग घेऊन निघून गेले.

तालुक्याला रांगेनं धमाल केली. बक्षीस द्यायला आलेले साहेब कवळीपाशी थांबले. "मास्तर, हे ठीक आहे. पण याचा माणूस कुठं आहे?"

"गावात फिरून राहिला, साहेब," मी म्हणालो. "बिनदाताचा."

मंडप हसला. मला पहिला नंबर मिळाला. साहेब म्हणाले, सव्वीस जानेवारीला पाहुणे येणार आहेत, तोवर हे सगळं इथंच राहू द्या. मी मान डोलावली. 'एवढा एक नमुना परत न्यावा लागेल,' हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते जिभेवरच राहिलं.

माझा विनोद माझ्याआधी एसटीनं गावात पोचला. गावाला नवाच खेळ मिळाला. हॉटेलात चहाला आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याची तपासणी सुरू झाली.

"काका, आ करा बरं."

"काहून? बैल हाय का मी?"

"दाती किती ते बघतो."

"जुळून पडून गेलो मी! चल हो तिकडं."

एका आजोबांनी उरलेला एकुलता एक दात दाखवून सगळ्यांना गप्प केलं. "हा माझाच हाय. हालतो, पण माझा हाय." दोन दिवस गाव हसत होतं. मीही हसत होतो. ओढ्यापलीकडं कोणी अजून बघितलं नव्हतं, आणि मला एकच भीती होती: सव्वीस तारखेला गुरुजींचा पहिला त निघाला, की सगळ्या गावाला माणूस सापडणार.

सव्वीस जानेवारीला मैदान भरलं. हॉटेलातले ते दोघं पुढंच बसले होते. वस्तीतल्या बायका नवी लुगडी नेसून एका बाजूला उभ्या होत्या. गुरुजी मफलर बांधूनच उठले. मी मुलांच्या रांगेमागं उभा राहून भाषणातले शब्द मनात तपासत होतो. 'अध्यक्ष महोदय' मध्ये द आहे. 'बंधू' मध्ये ध आहे. 'स्वातंत्र्य' तर तोंडभर आहे. मी पहिल्या त ची वाट बघत होतो.

गुरुजी म्हणाले:

"आयाबायांनो, बापांनो, मुलाबाळांनो. घरी भूक लागली की आपण भाकर करू. पायापुढं काटे आले की वाट करू. मनाला भूक लागली, मनापुढं काटे आले, की काय करू? अक्षर शिकू. अक्षर ही भाकर. अक्षर ही वाट. ही भाकर शिळी होणार नाही. ही वाट कोणा एकाच्या बापाची नाही."

तो आलाच नाही. त नाही, थ नाही, द नाही, ध नाही. न आणि ल त्यांनी जिभेनंच ओढून नेले, बैल गवत नेतो तसे. गावाला कळलंच नाही की गुरुजींनी भाषेच्या अर्ध्या वाड्याला कुलूप लावून उरलेल्या खोल्यांत सगळा संसार मांडून दाखवला. कळलं ते एकट्या मला. शेवटी 'जय हिंद' उरलं, त्यात द होता. गुरुजींनी हात वर केला आणि मुलांकडं बघून म्हणाले, "जय..."

"हिंद!" सगळी शाळा ओरडली.

पुढं बसलेला हॉटेलातला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "लहान बोलला, पण बराबर बोलला." दुसऱ्यानं मान हलवली. "घसा बसलेला असून बोलला." वस्तीतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांच्यातली एक म्हातारी सगळ्यांना सांगत होती, "म्या म्हनलं न्हवतं का? म्या म्हनलं न्हवतं का?"

प्रदर्शनातलं सामान परत आलं त्या दिवशी मी कवळी गरम पाण्यानं धुतली, कागदात गुंडाळली आणि मधल्या सुट्टीत गुरुजींच्या टेबलाच्या खणात ठेवून पळालो. त्याच दुपारी शेजारच्या वर्गातून आवाज आला: "त! थ! द! ध!" भिंत हलेल असा. मफलर सुटला होता. मला वाटलं, मिटलं.

आठवड्यानं ते मागच्या खोलीत आले. रांगेतली शेवटची जागा पुन्हा मोकळी होती, पट्टी तेवढी तिथं पडली होती. त्यांनी खिशातून कागदाची छोटी पुडी काढून पट्टीवर ठेवली. आत एक दाढ होती. झिजलेली, पिवळी, तीन मुळांची.

"तुमची रांग अपुरी राहिली," ते म्हणाले. "ती कवळी काही मनुष्य नव्हे. हा खरा आहे. नांदेडच्या डॉक्टरनं काढला तेव्हा जपून ठेवला होता, घरातल्यांना सांगून की उंदराला देईन." ते हसले, सगळे सरळ दात दिसतील असे. "उंदरापेक्षा तुम्हाला जास्त उपयोग."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कवळी कोणी ठेवली, कोणी ओळखली, विनोद कोणी केला, सगळं. मी तोंड उघडलं. "आभारी आहे, गुरुजी," एवढंच बाहेर आलं. ते "बरं" म्हणाले आणि जाता जाता फळ्यावरची माझी एक वेलांटी दुरुस्त करून गेले.

जूनमध्ये त्यांची बदली साखऱ्याकडं झाली. नंतर फार वर्षांनी एकदा सेनगावच्या स्टँडवर ते दिसले. धोतर, काठी, आणि पुन्हा तेच सरळ दात. माझा हात धरून त्यांनी बायकोची, लेकरांची चौकशी केली. "रांग आहे का अजून?" त्यांनी विचारलं. आहे म्हणालो. दाढ पण आहे, म्हणालो. मी आता सांगणार, आता सांगणार, असं मनात करत होतो, तेवढ्यात जीपवाल्यानं त्यांना पुढच्या सीटवर ओढून घेतलं. "बसा बाबा, जागा हाय, बसा!" जीप निघाली. त्यांनी काचेतून हात हलवला. मीही हलवला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

दाढ माझ्याजवळ आहे. पट्टीही आहे, लाल पेन्सिलीच्या खुणेसकट. अलीकडं सकाळी कवळी पेल्यातच असते तेव्हा मी आरशासमोर उभा राहून काही काही शब्द म्हणून बघतो. त येत नाही, द येत नाही. पण जे मला तेव्हा म्हणायचं होतं, त्यात यातलं एकही अक्षर नव्हतं. दात नसलेल्या माणसालाही ते म्हणता आलं असतं, आणि माझ्या तोंडात तेव्हा सगळे होते.

गुरुजी, माफ करा.